दारातलं डफडं

नेरच्या रस्त्याला आमच्या गावचा फाटा फुटतो तिथं एक बाभूळ होती. बसला हात दाखवायचा तो तिच्याखाली उभं राहून. लग्नानंतर चौथ्या दिवशी मी त्या बाभळीखाली उभी होते. जवळ पत्र्याची पेटी, ज्वारीची पिशवी आणि नवरा. त्याचा चेहरा मी तोवर धड पाहिलेला नव्हता. माय रडत होती आणि रडता रडता पिशवीचं तोंड नीट बांधलं की नाही ते विचारत होती. बाबांनी पेटी डोक्यावरून उतरवली आणि रस्त्याकडे बघत उभे राहिले. लांबून बसची धूळ दिसली तशी म्हणाले, "जाय पोरी. मांगं पाहू नको." आणि बस थांबायच्या आधी स्वतःच पाठ फिरवून गावाकडे चालू लागले.

मला त्यांचा राग आला होता. चांगला सहा वर्षं पुरेल एवढा आला होता. आपल्या भावकीतले तुम्ही जे गावातच राहिलात त्यांना त्याचं कारण ठाऊक आहे. जे माझ्यासारखे बाहेर पडले, कोणी नागपूरला, कोणी पुण्याला, त्यांच्या पोरांना ते ठाऊक नाही. म्हणून लिहायला बसले. हात आता थरथरतो, पण तोंड अजून तसंच आहे, तेव्हा अक्षराकडे बघू नका.

माझे बाबा गावाचं डफडं वाजवायचे. हातभर रुंद लाकडी कडं, त्यावर ताणलेलं कातडं, आणि दोन काड्या, एक जाड, एक बारीक. गावात लग्न कोणाचंही असो, बाबा मांडवाच्या दारात उभे. पाहुणा आला की वाजवायचं, नवरदेव आला की वाजवायचं, आणि शेवटी नवरी निघाली की तिच्यापुढं चालत शिवेपर्यंत वाजवत जायचं. नवरीला निरोप द्यायची त्यांची एक खास चाल होती. ती सुरू झाली की नवरीआधी बायकाच हुंदके द्यायला लागायच्या. पाटलाची असो की सुताराची, गावातली एकेक लेक बाबांच्या त्या चालीवर सासरी गेली. आणि हे सगळं उभ्यानं. डफडं वाजवणारा बसत नसतो. बसायला त्याला मांडवात जागाच नसते.

दंडार, म्हणजे रात्रीचा सोंगांचा खेळ, आली तरी तेच. गावच्या मोठ्या लोकांना वाजवत आणून खुर्चीवर बसवलं की बाबांचं काम संपायचं. मग ते आमच्यात येऊन उभे राहायचे, गोठ्याच्या भिंतीपाशी, जिथून लोकांच्या पाठी दिसायच्या आणि आवाज ऐकू यायचा. सोंगाड्या काय बोलला म्हणून लोक हसले ते मला दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर कळायचं. मी तेव्हा हसून घ्यायची.

मग छप्पन साली बाबा नागपूरला गेले आणि दीक्षा घेऊन आले. पांढरं धोतर, पांढरी बंडी. आल्यावर जेवलेसुद्धा नाहीत. डफड्याचं कातडं सोडवलं, दोन्ही काड्या चुलीत घातल्या आणि पाटलाकडे जाऊन सांगून आले की आता मी कोणाच्या दारात उभा राहणार नाही. रिकामं कडं मायनं पाखडून ठेवलेल्या तुरीवर ठेवलं आणि त्यात कोंबडीची अंडी ठेवायला लागली. गावानं त्याचा वचपा काढायचा तेवढा काढला, ते तुम्हाला माहीत आहे. ते सांगायला मी बसलेली नाही.

दोन वर्षांनी माझं लग्न झालं. भंतेजी नव्हते, आमच्यातल्याच एका शिकलेल्या माणसानं वंदना म्हटली. आणि मी, डफडेवाल्याची एकुलती एक लेक, मुक्यानं सासरी गेले. बाबा मांडवात बसून होते, हात मांड्यांखाली दाबून. गावभरच्या लेकींना वाजवत पोचवलं आणि माझ्या वेळी काड्या चुलीत. तो राग पेटीत घालून मी यवतमाळला उतरले.

हे जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मशीनवर कामाला होते. संध्याकाळी घरी आले की भुवयांवर कापसाचा भुरका असायचा, आणि मला ते एकदम म्हातारे वाटायचे. आमची खोली जिनामागच्या वस्तीत होती. पत्र्याचं छप्पर, नळ चौकात. पहिल्या रविवारी त्यांनी विचारलं, "टाकीज पाह्यली का कदी?" मी म्हटलं, काय असते? ते बघतच राहिले.

टाकीजमध्ये बायकांचं दार वेगळं, जागा वेगळी, मध्ये पडदा. दिवे गेले की पडदा सरकवायचे. मी आत गेले आणि सवयीनं मागच्या भिंतीला टेकून उभी राहिले. दारावर तिकिटं फाडणारी एक धिप्पाड बाई होती. ती खेकसली, "उभी काहून राह्यली वो? तिकीट काढलं ना? मंग बस ना!" मी बसले. शेजारी जरीच्या काठाचं लुगडं नेसलेली, चांगल्या घरची वाटावी अशी बाई होती. आता ही विचारणार, कोणाची, कुठली. तिनं ओंजळ पुढं केली. फल्लीदाणे होते, भाजलेले शेंगदाणे. मी ते घेतले. पुढं पडद्यावरची बाई रडायला लागली तशी हिनं माझा हात घट्ट धरला, आणि सिनेमा संपेपर्यंत काही सोडला नाही.

बाहेर आल्यावर ह्यांनी विचारलं, काय होती गोष्ट? मला एक अक्षर सांगता येईना. मी म्हटलं, "बसून पाह्यलं." हे म्हणाले, मग काय उभ्यानं बघायचं असतं का? शहरातच वाढलेल्या माणसाला काय कळणार त्यातलं!

त्या दिवसापासून मला जी चटक लागली ती लागली. यवतमाळनं मला पोटाला तर दिलंच, पण डोळ्यांना आणि कानांना जे दिलं त्याचा मला जास्त गर्व आहे, आणि ते सांगायला मी लाजत नाही. नळावर गेले की समोरच्या हाटेलातला रेडिओ ऐकू यायचा. घागर भरून वाहायला लागली तरी मी तिथंच. मागच्या बायका ओरडायच्या, "घागर भरली वो, कान भरले नाईत का अजून?" मैदानावर सर्कस आली तेव्हा मी ती तीनदा पाहिली. सिंह म्हातारा होता, उडी मारायच्या आधी जांभई द्यायचा, तरी मला तो आवडायचा. नवरात्रात चौकाचौकात देव्या बसायच्या. आमचा धर्म आता वेगळा, पण रोषणाई बघायला धर्म कशाला लागतो? मी शेजारणींबरोबर अख्खं शहर पायी फिरून यायची. कुस्त्यांचा फड असला की हे एकटे जायचे आणि आल्यावर मला एकेक डाव हातवारे करून सांगायचे. एकदा तर दाखवता दाखवता त्यांनी आमची पाण्याची घागरच चीत केली.

वाचायलाही मी तिथंच शिकले. गावात दुसरीपर्यंत गेले होते, अक्षरं पुसट झाली होती. टाकीजच्या भिंतीवर दर आठवड्याला नवी जाहिरात लागायची. मीही तोवर जिनात कापूस निवडायला लागले होते; जाता येता थांबून ती लावून लावून वाचायची. मोठी अक्षरं आधी, मग बारीक. वर्षभरात मी मायला स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं. त्यात सर्कशीचंच जास्त होतं. मायनं शाळेतल्या पोराकडून उत्तर पाठवलं, "तुहे डोये लय खादाड हायेत वो. पोटालेबी काई देत जाय."

बाबांचं पत्रात काही नसायचं. मीही विचारत नव्हते.

आमच्या वस्तीत एक गायनपार्टी होती. पेटी, ढोलक, टाळ आणि सात-आठ माणसं. नगरपालिकेच्या शाळेतले एक मास्तर ती चालवायचे. स्वतः गाणी रचायचे, स्वतः चाली लावायचे आणि स्वतःच पेटी वाजवायचे. गळा मात्र त्यांना नव्हता. एक दिवस मी नळावर त्यांचंच गाणं गुणगुणत होते, ते त्यांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी घरी आले आणि ह्यांना म्हणाले, "तुमच्या बाईंना पार्टीत पाठवा, नाहीतर मी गाणी लिहिणं बंद करतो." ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तर चपला शोधत होते.

पुढं तीन वर्षं मी गात होते. वस्त्यावस्त्यांतून, एकदा पुसदला, एकदा केळापूरकडे. भोंग्यातून स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा वाटलं, ही कोण एवढी मोठ्यानं बोलतेय! लोक यायचे, बसायचे, ऐकायचे. आम्हीही सतरंजीवर बसून गायचो. कार्यक्रम झाला की चहा मिळायचा, कपबशीत, सगळ्यांना सारखा.

मग ती बुद्धपौर्णिमा आली. वस्तीत मोठा मांडव, नागपूरहून पाहुणे येणार, आमच्या पार्टीचं गाणं. मी बाबांना आणि मायला पत्र लिहिलं की याच. आणि मास्तरांपाशी फुशारक्या मारल्या. माझ्या बाबांसारखं डफडं आजूबाजूच्या पंधरा गावांत नव्हतं, तुमच्या ढोलकवाल्यानं त्यांच्या पायाशी बसून शिकावं, असं बरंच काही. मास्तरांचे डोळे लकाकले. मला काय दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, मीच म्हटलं, "एखादं डफडं मिळवून ठेवा. त्यांना आधी सांगू नका, ऐनवेळी हातात द्या. चार माणसांत नाही म्हणणार नाहीत." मनात तोच जुना राग होता. माझ्या लग्नात नाही ना वाजवलं? आता कसे वाजवत नाहीत ते बघते. हे दारव्ह्याला गेले आणि ओळखीच्या माणसाकडून डफडं मागून आणलं.

माय-बाबा दोघं आदल्या दिवशी आली. मी त्यांना टाकीजला नेलं, खुर्चीची तिकिटं काढून. पुरुषांच्या दारापर्यंत मी सोबत गेले, तिथं बाबांनी चपला काढल्या आणि हातात घेतल्या. तिकीटवाला म्हणाला, "बाबा, घाला चपला, आत फल्लीची टरफलं पडली हायेत." बाबांनी आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि चपला घातल्या. दिवे जाऊन मधला पडदा सरकला तेव्हा दिसलं, खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते, कोणी उठवलं तर उठायला सोपं जावं म्हणून. मध्यंतरानंतर बघते तर पाठ टेकली होती. बायकांच्या बाजूला माझ्याजवळ बसून माय पडद्यावरच्या सासूला शिव्या देत होती. मला त्या दिवशी एवढं बरं वाटलं की रागसुद्धा विसरले.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर मांडव भरला. मी नवं पांढरं लुगडं नेसून स्टेजवर, माईकपाशी. पाहुण्यांची जीप आली. तिथून मी पाहिलं, मास्तर घाईघाईनं बाबांपाशी गेले, त्यांना हाताला धरून मांडवाच्या दारात आणलं, डफडं आणि काड्या हातात दिल्या. काय बोलले ते नंतर कळलं. म्हणाले, "बाबा, पाहुण्यांना इथून स्टेजपर्यंत वाजवत आणा. हा मान तुमचा."

मास्तर शहरातच जन्मलेले, भला माणूस, त्यांना खरंच तो मान वाटला. मला मात्र स्टेजवरून दार दिसलं, दारात उभे बाबा दिसले, त्यांच्या हातातलं डफडं दिसलं, आणि मी काय करून बसले ते कळलं. बाबांनी डफड्यावरून एकदा तळवा फिरवला. मग ते एका खुर्चीवर हळूच ठेवलं, काड्या त्याच्यावर आडव्या ठेवल्या आणि मांडवाबाहेर निघून गेले.

मी स्टेजवरून उडी मारली. पाहुण्यांच्या बाजूनं, हार घेऊन उभ्या असलेल्या पोरींच्या मधून पळत सुटले. लोकांना वाटलं, आग लागली. बाबा मोटारस्टँडच्या रस्त्याला पुलाच्या कठड्यावर बसले होते. नेरची गाडी कधी आहे ते मलाच विचारलं, जणू काही झालंच नाही.

मी म्हटलं, "चुकलं माहं. मास्तराचं नाई, माहं." आणि लगेच माझं तोंड सुटलं. सहा वर्षांचं बाहेर पडलं. "गावच्या साऱ्या पोरींले वाजवत पोचवलं तुमी. मलेच काहून मुक्यानं धाडलं? म्या का तुमची कोनी नवती?"

बाबांनी दोन्ही तळवे समोर धरून पाहिले. मग म्हणाले, "मले वाजवा वाटलं नसन का वो? हात शिवशिवत होते, म्हनून मांडीखाली दाबून बसलो होतो. पन वाजवनारा मांडवाच्या दारात उभा राह्यते, अन् पोरीचा बाप मांडवात बसते. जलमभर दारात उभा होतो. त्या दिवशी मले बाप व्हाचं होतं."

मी त्यांच्या बाजूला कठड्यावर बसले. रडले, आणि ते नवं लुगडं नाक पुसून खराब केलं. मुक्यानं पाठवली, मुक्यानं पाठवली म्हणून मी सहा वर्षं कुढत होते, आणि या माणसानं अख्ख्या जन्मात फक्त माझ्या लग्नात बसून घेतलं होतं. ते माझ्यासाठीच होतं. मला दिसलं नाही, कारण मी डफडं ऐकायला कान लावून बसले होते.

डोळे पुसून मी म्हटलं, "दारात नाई, बाबा. स्टेजवर या. माह्या बाजूले. बसून वाजवा."

"बसून? बसून कोनी डफडं वाजवते का?"

"कोनी नाई वाजवत. तुमी वाजवा."

ते हसले. "मांडीवर घेतलं तं आवाज दबन." मग थोडं थांबून, स्वतःशीच, "एक गुडघा उभा केला तं..." आणि त्यांनी कठड्यावरच एक गुडघा उभा केला, हवेत डफडं धरलं, दोन बोटांनी काडी फिरवली. मान हलवली. पुन्हा धरलं. मी गप्प बसून राहिले. आता बोलले असते तर सगळं मुसळ केरात गेलं असतं, एवढी अक्कल मला आली होती.

आम्ही परत आलो तेव्हा पाहुणे आपल्या पायांनीच स्टेजवर जाऊन बसले होते आणि त्यांचं काही बिघडलेलं नव्हतं. मास्तर धावत आले. काय चुकलं ते त्यांना कोणी सांगितलं होतं कोण जाणे, मायनंच असावं. हात जोडून उभे राहिले. बाबा म्हणाले, "मास्तर, थोडं वाळलं गवत पायजे. कातडं ढिलं हाय." मास्तरांनी स्वतः गवत आणलं, स्वतः जाळ केला. बाबांनी डफडं शेकलं, बोटानं टिचकी मारून ऐकलं, परत शेकलं. मग स्टेजवर चढले. चपला काढल्या, कारण तिथं सगळ्यांनीच काढल्या होत्या. सतरंजीवर माझ्या बाजूला बसले. गुडघा उभा केला.

पहिलं गाणं अर्ध्यावर गेलं तोवर ढोलकवाला वाजवायचं थांबून नुसता बघत होता. मी बरीच गाणी गायली आहेत, पण त्या संध्याकाळसारखी नाही. सूर सुटला की खालून बाबांचा ठेका तो उचलून घ्यायचा. लोक माना डोलावत होते, टाळ्या देत होते. पाहुणे घड्याळाकडे बघायचे थांबले. समोर पहिल्या रांगेत माय खुर्चीवर बसली होती, पाठ टेकून, आणि शेजारच्या बाईला सांगत होती, तो माझा मालक आणि ती माझी पोरगी.

शेवटचं गाणं संपलं. मी माईकपासून मागं सरकले. बाबांनी मात्र काड्या ठेवल्या नाहीत. हळूहळू एक चाल सुरू केली. मास्तर पेटीवर बोटं ठेवून थांबले, त्यांना ती ठाऊक नव्हती. मला ठाऊक होती. नवरीला शिवेपर्यंत पोचवायची चाल. गावातल्या एकेका लेकीला वाजवलेली. बाबा माझ्याकडे न बघता वाजवत होते, पहिल्यांदा बसून, आणि मी तीनशे माणसांपुढं सासरी जाणाऱ्या पोरीसारखी ओक्साबोक्शी रडत होते. वस्तीतल्या बायकाही रडायला लागल्या. त्यांना कारण माहीत नव्हतं, पण चालच तशी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना मोटारस्टँडवर पोचवायला गेले. माय बसमध्ये जागा धरून बसली होती आणि खिडकीतून सगळ्यांना रात्रीचं सांगत होती. बाबा पायरीवर थांबले. मला वाटलं, आता म्हणतील, गावाला ये, सणाला ये. म्हणाले, "तुही बिदाई राह्यली होती. झाली. आता जाय आपल्या घरी." आणि हातानं जिनाकडे दाखवलं, माझ्या पत्र्याच्या खोलीकडे.

बस हलली. या वेळी त्यांनी पाठ फिरवली नाही. वळणापर्यंत खिडकीतून मान बाहेर काढून बघत राहिले. मग मी वळले आणि घरी गेले. वाटेत टाकीजवर नवी जाहिरात लागली होती. थांबून सगळी वाचली, बारीक अक्षरांसकट.